बाळोबाचं टोपडं

केंदूर, ता. शिरूर
१४ ऑक्टोबर २०२४

मल्हारराव,

केंदूरहून हौसरावाचा रामराम. ओळख लागली का? गेल्या माघात शिरूरच्या लग्नात आपण पंगतीला शेजारी बसलो होतो. मी इचारलं, कुणाचे तुम्ही, आन् तुम्ही काय सांगितलं ते मला ऐकूच आलं न्हाई. मंग तुम्ही पत्रिकेच्या मागं लिहून दिलं, 'मेंढपाळ ज्ञानूचा मुलगा, रेल्वेतून रिटायर, मु. दौंड', आन् खाली पत्ता. ती पत्रिका मी जपून ठिवली. माझे कान पार गेलेत. नातवानं मशीन आणलंय, पण त्यात भांड्यांचा आवाज लई येतो आन् माणसांचा कमी. फोनवर तर समोरचा निस्ता घों घों करतो. म्हणून हे पत्र. सातवी फायनल पास हाय मी, अक्षर चांगलं हाय, शुद्धलेखनाचं तेवढं सांभाळून घ्या.

काम असं हाय. रस्त्याकडंच्या आमच्या रानात नातू इंद्रजीत खोल्या बांधतोय. शिक्रापूरला कंपन्यांत कामाला आलेल्या पोरांना तिकडं जागा पुरंना, ती आता आमच्याकडं सरकायला लागलीत. इंद्रजीत सोता कंपनीत सुपरवायझर हाय, त्याला त्यातलं कळतं. माझी हरकत न्हाई. चौऱ्याहत्तर वर्षं झाली, मी किती दिवस नांगर धरणार? बाजरी काढून झाली, रान मोकळं हाय, चुन्याची फक्की मारून सात खोल्या आखल्यात. पण संडासाची टाकी जिथं आखली, बरोब्बर तिथं आमचा बाळोबा हाय.

बाळोबा म्हंजी बांधाच्या कोपऱ्यात, लिंबाखाली, एक काळा गुळगुळीत दगड हाय. असा वीतभर. मी ल्हान होतो तवापासून तो तिथं हाय. माझी आई कुशाबाई त्याचं सगळं करायची. हा देव जरा येगळाच हाय. याला कोंबडं चालत न्हाई, लिंबू चालत न्हाई, फक्त दूधभात. आन् दिवाळी झाली की याच्या डोक्यावर टोपडं घालायचं, ते शिवरात्रीपर्यंत काढायचं न्हाई. आई जुन्या लुगड्याचं शिवायची. आई गेल्यावर आमची मंडळी साखरबाई शिवायला लागली. आता नातसून सायली बाजारातनं लोकरीचं आणती. घरात मूल झालं की बाराव्या दिवशी आदी त्याच्यापुढं ठिवायचं, मंग पाळण्यात घालायचं. माझी सगळी पोरं तशीच ठिवली, आन् आता पाच महिन्यांपूर्वी पणती प्रांजल बी ठिवली.

टाकीशेजारी देव कसा ठिवायचा? म्हणून गुरवाला इचारलं. तो म्हणला, वेशीत मारुतीच्या पारावर नेऊन बसवू. पण देव कुणाचा, वार कोणता, कूळ कोणतं, ते सांगा. जन्मभर ज्याच्या पाया पडलो, त्याचा वार मला ठाव न्हाई. लाज वाटली.

आईचं एकच बोलणं याद हाय. ल्हानपणी मी इचारलं होतं, आई, हा देव कुठनं आला? ती म्हणली, मेंढरांसंगं आला आन् हितंच ऱ्हायला. त्या वक्ताला आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसायची ती तुमच्या वडलांची, ज्ञानूमामाची. म्हंजी देव तुमच्यातला असणार. तुमच्या आई रतनबाई हायेत, असं तुम्ही लग्नात लिहून सांगितलं होतं. त्यांना एवढं इचारून कळवा. साखरबाई चार दिवस झालं माझ्याशी धड बोलत न्हाई. देव हलवायचा न्हाई म्हणती, टाकी दुसरीकडं घ्या म्हणती. बाईमाणसाचा हट्ट.

उत्तराची वाट बघतो.

आपला,
हौसराव


दौंड
२१ ऑक्टोबर २०२४

आप्पा,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. मुलं मोबाईलवर दोन शब्द टाकून मोकळी होतात, त्यामुळे पोस्टमनने हाक मारली तेव्हा मला वाटलं पेन्शनचंच काहीतरी लचांड आहे. अक्षर खरंच चांगलं आहे तुमचं.

पण पत्राने घरात जे झालं ते लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. कान शाबूत, डोळे अधू. मी तिला पत्र पूर्ण वाचून दाखवलं नाही. ती जेवायला बसली होती, तेव्हा एवढंच विचारलं, "आई, केंदूरच्या कुशाबाईच्या रानात आपला कुठला देव आहे का गं?"

तिने हातातली भाकरी ताटात ठेवली. ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवस धड जेवली नाही. माझी बायको साधना म्हणाली, डॉक्टरला दाखवू. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "त्या गावाचं नाव माझ्यापुढं काढू नको."

आप्पा, तुम्ही वयाने मोठे आहात म्हणून जपून लिहितो. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या माणसाने काय काय सोसलं ते आमच्यात घरोघरी माहीत आहे. कुणी मेंढरं कोंडून ठेवली, कुणी बायांना वाट्टेल ते बोललं. वडील केंदूरच्या वाटेने का जात नाहीत, हे मी लहानपणी एकदा विचारलं होतं. त्यांनी काठी उचलून मेंढरं पुढे हाकली होती. तुमच्या रानात माझ्या आईबापाचा काहीतरी अपमान झाला असणार. काय झालं ते मला माहीत नाही, तुम्हाला असेल.

बाळोबा नावाचा देव आमच्यात नाही. आमचा बिरोबा आहे, खंडोबा आहे. चार भावंडांत मी थोरला, तसं काही असतं तर मला माहीत असतं. टोपडं घालणारा देव मी तरी ऐकलेला नाही. तुमच्या गुरवाला योग्य वाटेल तसं करा. आईला मात्र आता परत विचारणार नाही.

आपला,
मल्हार


केंदूर
२८ ऑक्टोबर २०२४

मल्हारराव,

आज वसुबारस. घरात गाईची पूजा चाललीय आन् मी माडीवर एकटा बसून हे लिहितोय. तुमचं पत्र चारदा वाचलं. राग आला न्हाई. उलट वाटलं, सापडलो एकदाचा.

अपमान झाला का, तर व्हय, झाला असंल. आन् तो मी केला. हे मी साखरबाईला बी कधी सांगितलं न्हाई. मी सात वर्षांचा होतो. तुमची मेंढरं आमच्या रानात बसली होती. मला दगड मारायचा लई नाद. कैऱ्या पाडायचो, होले उडवायचो. एका दुपारी मी बांधावरनं मेंढरांत दगड भिरकावला आन् एका कोकराचा पाय मोडला. ज्ञानूमामा ते कोकरू मांडीवर घेऊन बसले होते, मी लांबनं बघत होतो. त्यांनी इचारलं, हौशा, कुणी मारलं बघितलंस का रं? मी सांगितलं, कुत्र्यानं धरलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आन् कोकराचा पाय बांधायला घेतला. मंग पाचसहा दिवसांत मेंढरं उठली, आन् त्या सालानंतर कधी आमच्या रानात आलीच न्हाईत.

दर दिवाळीला वडील म्हणायचे, ज्ञानू अजून कसा आला न्हाई, रानाला खत नको का? आन् मी ताटावरनं उठून गोठ्यात जायचो. दुसरे मेंढके आले, पण आई त्यांच्यात कधी रमली न्हाई. मोठेपणी वाटायचं, दौंडला जाऊन ज्ञानूमामांच्या पायावर डोकं ठिवावं. ते बी झालं न्हाई. आता तुमच्या आईंचे पाय धरायला मी तयार हाय. एका कोकरापायी माणसं तुटली. पोरगं असलं तरी खोटं ते खोटंच.

बाळोबाचं म्हणाल तर काम उरकलं. तुमच्याकडनं काही कळंना तवा गुरवानं सोता वार ठरवून दिला, रविवार. काल हलगी लावून दगड वेशीत नेला, मारुतीशेजारी बसवला, शेंदूर लावला. दूधभात दाखवला. इंद्रजीतनं सगळं हौसेनं केलं, त्याला नाव ठिवायला जागा न्हाई. साखरबाई आली न्हाई. ती त्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. मी हातवारे करून इचारलं, काय झालं? तर तिनं पाटीवर लिहिलं (माझ्यासाठी घरात एक पाटी ठिवलीय), 'सासूबाईंनी मरताना सांगितलं होतं, टोपडं चुकवू नका, मी शब्द दिलाय.' कुणाला दिला ते तिला बी ठाव न्हाई.

तुळशीचं लग्न झालं की जेसीबी येणार, टाकीचा खड्डा घ्यायला. तवर तुम्ही आईंना माझं सांगा. त्यांनी शिव्या दिल्या तर त्या बी लिहून पाठवा.

हौसराव


दौंड
४ नोव्हेंबर २०२४

आप्पा,

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतोय. फोन इंद्रजीतला करता आला असता, नंबर मिळाला असता. पण ही गोष्ट त्याने गाडीवरून जाता जाता ऐकायची नाही, आणि आधी तुम्हाला कळायला हवी.

पाडव्याच्या दिवशी पोरीबाळी आल्या होत्या, आई जरा खुशीत होती. तुमचं कोकराचं कबूल करणं माझ्या मनाला लागलं होतं, म्हणून धीर करून सांगितलं, "आई, केंदूरचे हौसराव माफी मागतात. आणि त्यांनी तो बाळोबाचा दगड पण वेशीत हलवला." कोकराकडे तिचं लक्षच गेलं नाही. म्हणाली, "दगड हलवला?" मी म्हटलं, हो. तर उठून बसली आणि म्हणाली, "मंग खाली हाय त्याचं काय केलं?"

मी विचारलं, "खाली काय आहे?"

"तुझा थोरला भाऊ."

आप्पा, मी बासष्ट वर्षांचा आहे. मला आजवर माहीत नव्हतं. वडील हे पोटात घेऊन गेले. आई जे बोलली ते तसंच लिहितो, कारण ते मला माझ्या शब्दांत लिहिता येणार नाही.

"मी सतरा-अठरा वर्षांची. पयलं बाळंतपण. कुशामावशीच्या रानात मेंढरं बसली व्हती, तिथंच पालात बाळंत झाले. नाळ तिनंच कापली. रोज किटलीत गरम पाणी घिऊन यायची, पोराला न्हाऊ घालायची. मुलगा व्हता. मंग थंडी अशी पडली की पाणी गोठावं. पोराच्या छातीत भरलं. नवव्या दिवशी तांबडं फुटायला गेलं. बारसं न्हाई, नाव न्हाई, काही न्हाई. त्याच दिवशी मेंढरं पुढच्या रानाला न्यायची व्हती. तिथल्या मालकाला शब्द दिलेला, आन् हितला चारा संपलेला. मेंढरं माणसासाठी थांबत न्हाईत. तुझा बाप डोळं पुसत पुढं गेला. कुशामावशी म्हणली, माझ्या रानाचा कोपरा घे. घरात कुणाला सांगितलं न्हाई तिनं, मालक नको म्हणला असता. सोता कुदळ घिऊन खणलं. माझ्या लुगड्याचा पदर फाडून गुंडाळलं. वरनं वढ्यातला दगड आणून ठिवला, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. मी काही केल्या उठंना. मी म्हणलं, मावशे, त्याला थंडी लागंल. तशी ती म्हणली, रतने, तू जा. थंडीचं मी बघते."

मग आई म्हणाली, "मला वाटलं, माझी समजूत घालायला म्हणली."

मी तुमचं पहिलं पत्र काढलं आणि तिला अथपासून वाचून दाखवलं. आधीच वाचायला हवं होतं, ते मी वाचलं नाही. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत टोपडं, हे वाक्य तिने मला तीन वेळा वाचायला लावलं. आई जुन्या लुगड्याचं शिवायची, हेही. मग ती रडली. वडील गेले तेव्हाही तिला असं रडताना मी बघितलं नव्हतं. साधना तिला धरून बसली, मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

कोकरामुळे काही झालेलं नाही, आप्पा. तुमच्या वडिलांकडूनही नाही. मी मागच्या पत्रात जे लिहिलं त्याची मला शरम वाटते. आईनेच वडिलांना सांगितलं होतं की केंदूरच्या वाटेने परत जायचं नाही. तिची खात्री होती की पुढच्या आषाढात तिथून नांगर फिरला असणार. ते तिला बघायचं नव्हतं.

रान तुमचं आहे. कुणाच्या शेतात कोण पुरलंय, असा हक्क मी सांगणार नाही. खोल्या बांधू नका असंही म्हणत नाही. फक्त तिथे टाकी खणू नका. एवढं एक करा. आई रोज विचारते, जेसीबी कधी यायचाय?

मल्हार


केंदूर
१२ नोव्हेंबर २०२४

मल्हारराव,

पत्र पोचलं. मी ते वाचून गोठ्यात जाऊन बसलो. हे इंद्रजीतला कसं सांगायचं? जमिनीत मयत हाय म्हणलं की भाडेकरू यायचं न्हाईत, गावात बोभाटा व्हईल, हे सगळं डोक्यात आलं. खोटं कशाला बोलू, आलं. एकदा तर पत्र माळ्यावरच्या कणगीत टाकावं वाटलं. सात वर्षांचा असताना कोकराचं लपवलं तसं. मंग म्हणलं, हौशा, एकदा केलंस, पुरे.

इंद्रजीत कंपनीतनं आला, गाडीवरनं उतरला बी नव्हता. तुमचं पत्र त्याच्या हातात दिलं आन् बाजूला झालो. त्यानं गाडीवर बसूनच वाचलं. मंग गाडी बंद करून परत वाचलं. आन् सरळ रानाकडं चालत गेला. मी मागं मागं. बघतो तर बूट घातलेल्या पायानं टाकीच्या आखणीची फक्की पुसत होता. तिथनंच त्यानं जेसीबीवाल्याला फोन लावला. मला ऐकू आलं न्हाई, पण त्यानं हात आडवा केला तवा कळलं. रस्त्याच्या अंगाला टाकी घेतलीय आता. खोल्या सहाच व्हणार. त्यानं पाटीवर लिहिलं, 'कोपरा मोकळा. विषय संपला.' लई बोलणारं पोर न्हाई ते.

मला आता एक याद येती. मेंढरं उठली त्या सकाळी आई रानातनं आली तवा तिचं हात कोपरापर्यंत मातीनं भरलेलं होतं. मी न्याहारी मागितली तर मला जवळ घिऊन बसली आन् सोडंचना. मला वाटलं, कोकराचं कळलं हिला. मी धडपडत सुटून पळालो.

साखरबाई पत्र ऐकून चुलीपुढंच बसली. सायलीनं वाचलं तिला. सायलीच्या कडेवर प्रांजल होती, तिचं टोपडं काढून सायली नुसती हातात धरून बसली होती. मंग साखरबाई मला पाटीवर म्हणली, 'टाकी दुसरीकडं घ्या म्हणत होते का न्हाई?' तिला हा जन्मभराचा मुद्दा मिळालाय.

आता अडचण सांगतो. दगड वेशीत बसवलाय तो गुरव परत द्यायला तयार न्हाई, बसवलेला देव हलवता येत न्हाई म्हणतो. आन् पंधरा दिवसांत त्यानं गावभर सांगितलंय की बाळोबा लेकरं देतो. दोन बाया नवस बोलून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईंना घिऊन या. इंद्रजीत गाडी पाठवतो म्हणतो. मला त्यांच्यापुढं उभं ऱ्हायचं भ्या वाटतं. मल्हारराव, आम्ही सदुसष्ट वर्षं त्या नऊ दिवसांच्या लेकराकडं काय काय मागितलं. पाऊस मागितला. बैल लंगडत होता तर तो बरा कर म्हणलं. कांद्याला भाव मागितला, पोराच्या नोकरीचं मागितलं. मी तर कान मागितलं होतं. त्याला सोताला काही कळायच्या आत गेलेलं पोर ते, आन् आम्ही आमचं सगळं ओझं त्याच्यावर टाकलं. त्याची माफी कुणाला मागायची?

हौसराव


दौंड
८ डिसेंबर २०२४

आप्पा,

आम्ही सुखरूप पोचलो. साखरवहिनींनी बांधून दिलेली बाजरीची पिशवी आईने स्वतःच्या मांडीवर ठेवून आणली, डिकीत ठेवू दिली नाही.

हे पत्र एका कारणासाठी लिहितो. परवा रानात आई तुमचा हात धरून इतका वेळ बोलत होती आणि तुम्ही मान हलवत होता. कानाचं मशीन तुमच्या खिशात होतं, मी बघितलं. तुम्हाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. पाटी घरी राहिली होती आणि सगळ्यांचे डोळे भरलेले, कुणाला सुचलं नाही. आई काय बोलली ते तुम्हाला कळायला हवं.

पहिलं बोलली ते कोकराचं. म्हणाली, "हौशा, दगड तूच मारलास हे आम्हाला तवाच ठाव व्हतं. तुझी आई सांजच्याला येऊन सांगून गेली व्हती. दोन पायल्या बाजरी घातली तिनं त्या कोकरापायी, आन् म्हणली, पोराला बोलू नका, त्याचं त्याला उमगू द्या. लई उशीर लावलास रं." तुम्ही त्या वेळी फार गंभीरपणे मान डोलावलीत. मला हसू आवरत नव्हतं, माफ करा.

मग सायलीने गरम पाणी आणलं. ते तुम्ही बघितलंतच. आईने आधी कोपर बुडवून बघितलं, चटका बसतोय का ते. थोडं गार पाणी घालायला लावलं, परत कोपर बुडवलं, आणि मग हळूहळू त्या मातीवर ओतलं. तेव्हा ती पुटपुटत होती ते असं, "डोळं मीट. झालं, झालं, येवढंच." आम्हा चौघांना न्हाऊ घालताना ती हेच म्हणायची. माझ्या मुलांनाही हेच म्हणत न्हाऊ घातलंय तिने. प्रांजलचं टोपडं तिने मागून घेतलं, ते वेशीतल्या दगडाला घालायचं म्हणून. तिने स्वतः विणलेलं मात्र मातीत खाली ठेवलं. डोळ्यांनी दिसत नाही तिला, बोटांनीच विणलं होतं, तीन आठवडे.

नाव विचारलं तिने. "तुम्ही त्याला काय म्हणता?" तुम्हाला ते ऐकू आलं नव्हतं, म्हणून इंद्रजीत म्हणाला, "बाळोबा." ती म्हणाली, "मंग तेच नाव. कुशामावशीनं ठिवलेलं. माझ्या पोराचं बारसं झालं व्हतं, मलाच ठाव नव्हतं."

दगड वेशीतच राहू द्या, असं तिचं म्हणणं. गुरवाचं आणि त्या नवसाच्या बायांचं मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली. "लागलं कामाला पोर," म्हणाली. फक्त गुरवाला बजावा, कोंबडं नको. दूधभातच.

आणि तुमच्या शेवटच्या पत्रातलं, ओझ्याचं. ते मी तिला आधीच वाचून दाखवलं होतं. रानात तुमचा हात तिने सगळ्यात घट्ट धरला तो त्याचं उत्तर देताना. ती म्हणाली, "माफी कशाची? मागितलंत ते लई बरं केलंत. ल्हान पोराकडं कुणी काही मागत न्हाई, हौशा. आईबाप हात पसरत्यात ते मोठ्या, कर्त्या पोरापुढं. माझ्या पोराला तुम्ही मोठं केलंत." एवढं ऐकलं असतंत तर तुम्ही मान हलवली नसती, मला माहीत आहे.

काल तिला रेल्वेच्या दवाखान्यात नेलं होतं, प्रवासाने पाय सुजले होते म्हणून. नवीन डॉक्टरीण होती, तरुण पोरगी, सगळं विचारून कागदावर लिहीत होती. "आजी, मुलं किती?" मी सवयीने बोलून गेलो, "चार, मी थोरला." आईने माझा हात दाबला.

"पाच," ती म्हणाली. "ह्यो दुसरा. थोरला केंदूरला असतो, शेतावर. त्याच्याबिगर तिथल्या माणसांचं पान हलत न्हाई."

आपला,
मल्हार